कमी दिवसांच्या बाळाच्या चाचणीचा आकडा किती मानायचा?

वाचकांचे प्रश्न : बालविकास

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे कमी दिवसांच्या बाळांविषयी आहेत आणि चारही खान्देशातून आली आहेत. पत्रलेखकांच्या विनंतीवरून नावे वगळली आहेत. पहिल्या पत्रातील प्रश्न असंख्य घरांत विचारला जातो, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर दिले आहे.

प्रश्न : माझा मुलगा 29 आठवड्यांचा जन्मला. वजन 1150 ग्रॅम होते आणि दीड महिना तो काचेच्या पेटीत होता. तो दीड वर्षाचा झाल्यावर एका ठिकाणी त्याची विकास चाचणी करून घेतली. कागदावर वय 18 महिने, मानसिक विकासवय 13 महिने आणि विकासांक 72 असे लिहिले आहे. आम्ही पहाटेच्या गाडीने निघालो होतो, नंबर दुपारी एक वाजता लागला, त्याची झोप झालेली नव्हती आणि तो निम्मा वेळ रडत होता. सत्तरच्या खाली गेला तर मुलाला मंदबुद्धी म्हणतात, हा काठावर आहे, असे आम्हाला सांगण्यात आले. तेव्हापासून घरात कुणाच्या घशाखाली घास उतरत नाही. सासरे विचारतात, याला शाळेत घालून उपयोग होईल का? पुढे याची बुद्धी कशी असेल, ते मला स्पष्ट सांगा.
— एक आई, अमळनेर

उत्तर : ताई, तुम्ही कागदावरचे तीनही आकडे जसेच्या तसे लिहून पाठवलेत हे फार चांगले केलेत, कारण उत्तराचा पहिला भाग त्या आकड्यांतच आहे. बाळ ज्या वयाला शोभेल असे वागते ते त्याचे विकासवय. त्याला प्रत्यक्ष वयाने भागून शंभराने गुणले की विकासांक मिळतो. तेराला अठराने भागले की 72 येतात, म्हणजे गणित बरोबर आहे. चुकले आहे ते त्यात धरलेले वय. पूर्ण दिवसांचे बाळंतपण 40 आठवड्यांचे मानतात आणि तुमचे बाळ 11 आठवडे, म्हणजे सुमारे अडीच महिने, आधी आले. ते अडीच महिने त्याने पोटात काढायचे होते, ते पेटीत काढले. म्हणून निदान दोन वर्षांचा होईपर्यंत त्याचे वय जन्मतारखेवरून न मोजता प्रसूतीच्या अपेक्षित तारखेवरून मोजायचे असते. याला दुरुस्त वय म्हणतात. त्या हिशेबाने चाचणीच्या दिवशी तो 18 महिन्यांचा नव्हता, साडेपंधरा महिन्यांचा होता. तेराला साडेपंधराने भागा, विकासांक 84 येतो. बाळ तेच, चाचणी तीच आणि त्याने केलेल्या गोष्टीही त्याच, पण कागदावर 72 च्या जागी 84 असायला हवे होते. सरासरी 100 धरतात आणि 70 च्या खालच्या आकड्याला विलंब म्हणतात, हे लक्षात घेतले तर हा मुलगा काठावर नाही, सरासरीच्या थोडा खाली आहे. ही चूक पुष्कळ ठिकाणी होते आणि तिची किंमत घरातली माणसे मोजतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

शिवाय हे 84 देखील त्याच्या चांगल्या दिवसाचे नाहीत. आपल्याकडे वापरली जाणारी प्रमुख चाचणी बडोद्याच्या डॉ. प्रमिला फाटक यांनी भारतीय बाळांच्या निरीक्षणावरून बसवलेली आहे. जन्मापासून 30 महिन्यांपर्यंतच्या बाळांसाठी असलेल्या या चाचणीत मानसिक विकासाच्या 163 आणि हालचालींच्या 67 बाबी आहेत. बाळापुढे लाकडी ठोकळे, कप, घंटा, चित्रे, बाहुली अशा वस्तू ठेवायच्या आणि ते त्यांचे काय करते ते पाहायचे, असे तिचे स्वरूप असते. झोपमोड झालेले, प्रवासाने शिणलेले, अनोळखी खोलीत रडणारे मूल येत असलेली गोष्टसुद्धा करून दाखवत नाही, आणि न केलेल्या गोष्टीला गुण मिळत नाही. पुढच्या वेळी शक्य असेल तर आदल्या दिवशीच नातेवाइकांकडे मुक्कामाला जा आणि सकाळची वेळ मागून घ्या. मे महिन्यात तर दुपारची वेळ घेऊच नका, कारण आपल्याकडे पारा 45 च्या आसपास असताना कुठलेच मूल हसत-खेळत ठोकळे रचणार नाही.

भाषेचाही प्रश्न असतो. एकदा चाचणीच्या खोलीत दोन वर्षांची एक मुलगी माझ्यासमोर बसली होती. हातात ठोकळा, पुढे कप. मी तीन वेळा म्हटले, "ठोकळा कपात टाक." ती माझ्याकडे पाहत राहिली. मागे बसलेल्या आजीला राहवले नाही आणि ती म्हणाली, "बाय, कपमा टाक." मुलीने ठोकळा कपात टाकला, दुसरा उचलला, तोही टाकला आणि आजीकडे वळून हसली. तिला आत म्हणजे काय हे कळत होते, पण ते अहिराणीत कळत होते. आपल्याकडच्या किती मुलांच्या कागदावर या एका कारणाने दोन-चार गुण कमी पडले असतील, हा विचार तेव्हापासून माझ्या मनातून गेलेला नाही. तुमच्या घरात अहिराणी बोलत असाल तर चाचणी घेणाऱ्याला ते सुरुवातीलाच सांगा आणि सूचना तुमच्या तोंडून देऊ द्या, अशी विनंती करा.

आता मुख्य प्रश्नाकडे येते. दीड-दोन वर्षांच्या आकड्यावरून दहाव्या वर्षीची बुद्धी कळते का? यावर जगभर पुष्कळ काम झाले आहे. सर्वांत जास्त वापरली जाणारी बाळांची चाचणी अमेरिकेतील नॅन्सी बेली यांची आहे. 1928 साली त्यांनी कॅलिफोर्नियातील बर्कली येथे पूर्ण दिवसांच्या 61 निरोगी बाळांचा पाठपुरावा सुरू केला, तो पुढे अनेक वर्षे चालला, आणि त्यातून त्यांना स्वतःलाच असे दिसले की पहिल्या वर्षातील गुणांचा मोठेपणीच्या बुद्ध्यांकाशी जवळजवळ काहीच मेळ बसत नाही. कमी दिवसांच्या बाळांविषयी क्लीव्हलँडच्या डॉ. मॉरीन हॅक यांनी 2005 साली प्रसिद्ध केलेला अभ्यास मी पालकांना नेहमी सांगते. जन्मतः 1000 ग्रॅमपेक्षाही कमी वजनाच्या 200 मुलांची चाचणी त्यांनी दुरुस्त वय 20 महिने असताना घेतली आणि पुन्हा आठव्या वर्षी घेतली. वीस महिन्यांना 39 टक्के मुलांचे गुण 70 च्या खाली होते. आठव्या वर्षी असे मूल 16 टक्केच उरले. ज्यांना मेंदूचा, दृष्टीचा किंवा श्रवणाचा मोठा दोष नव्हता, त्यांच्यात तर हे प्रमाण 29 टक्क्यांवरून 7 टक्क्यांवर आले. लहानपणी 70 च्या खाली असलेल्या मुलांपैकी आठव्या वर्षीही खाली राहिलेली मुले साधारण तिसऱ्या हिश्शाहून थोडी अधिक होती. उलट ज्यांचे गुण लहानपणी 70 किंवा त्याहून अधिक होते, त्यांच्यापैकी 98 टक्के मुले पुढेही 70 च्या खाली गेली नाहीत.

असे का होते, हे समजून घेतले तर आकड्याची भीती बरीच कमी होते. दीड वर्षाच्या मुलाला आपण विचारतो ते पाहणे, पकडणे, नक्कल करणे, लपवलेली वस्तू शोधणे एवढेच. आठ वर्षांच्या मुलाला विचारतो ते शब्दांचे अर्थ, कारणे, आठवणीत धरून ठेवणे, क्रम लावणे. पहिल्या परीक्षेत हातांचा आणि नजरेचा वाटा मोठा असतो आणि कमी दिवसांच्या बाळाचे हात-पाय उशिरा स्थिरावतात, म्हणून त्याचे गुण तिथे कमी पडतात. शिवाय मधल्या सहा-सात वर्षांत मेंदू घडत असतो, आणि घरात त्याच्याशी कोण किती बोलते, आई किती शिकलेली आहे, पोटाला काय मिळते, या सगळ्यांचा हात त्या घडणीला लागतो.

मात्र तुम्ही स्पष्ट सांगायला सांगितले आहे, म्हणून दुसरी बाजूही सांगते. आकडा अगदीच निरर्थक नसतो. फार कमी दिवसांच्या मुलांवरील अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा बाळपणीचे मानसिक गुण आणि पुढचा बुद्ध्यांक यांच्यात बऱ्यापैकी संबंध आढळला. गुण फारच कमी असतील, पुन्हा पुन्हा कमी येत असतील किंवा सोबत हातापायांचा ताठरपणा, दृष्टी वा श्रवणदोष असेल, तर तो संबंध अधिक घट्ट असतो. आणि 2002 साली अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र मांडले गेले, तेव्हा शाळेच्या वयातील कमी दिवसांच्या मुलांचा बुद्ध्यांक पूर्ण दिवसांच्या मुलांपेक्षा सरासरीने सुमारे 11 गुणांनी कमी दिसला. ही सरासरी आहे. तुमचा मुलगा तिच्या वर असेल की खाली, हे आज कुणीही सांगू शकत नाही, आणि जो सांगतो तो चाचणीला जेवढे कळते त्याहून जास्त बोलतो.

म्हणून आता असे करा. तो कागद घेऊन परत जा आणि दुरुस्त वय धरून विकासांक नव्याने लिहून मागा. कानांची बेरा तपासणी, म्हणजे बाळाला ऐकू येते का हे यंत्राने पाहणारी तपासणी, झाली नसेल तर या महिन्यात करा, कारण ऐकू कमी येणारे मूल चाचणीत मंद दिसते. डोळ्यांची तपासणीही परत करून घ्या. फिजिओथेरपिस्ट किंवा बालविकास केंद्राकडे आजपासूनच जायला लागा, 84 असले तरी जा, कारण मदत सुरू करायला विलंबाचे प्रमाणपत्र लागत नाही. घरी त्याला चित्रांची पुस्तके दाखवा, जे करत असाल ते त्याच्याशी बोलत करा, मोबाइल दूर ठेवा. दुरुस्त वय दोन वर्षे झाल्यावर चाचणी पुन्हा घ्या आणि पहिलीत घालण्यापूर्वी, साडेचार ते पाच वर्षांच्या दरम्यान, आणखी एकदा. सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा आणि हेही सांगा की नातवाला शाळेत घालायचेच आहे.

प्रश्न : आमच्याकडे म्हणतात, सातमाशी जगते पण अठमाशी जगत नाही, आणि जगले तरी डोक्याने कमी राहते. माझी नात आठव्या महिन्यात, 34 आठवड्यांची झाली. आता ती नऊ महिन्यांची आहे आणि अजून रांगत नाही. ते खरे असते का?
— एक आजी, रावेर

उत्तर : आजी, ते खरे नाही, ते मनातून काढून टाका. पोटात मिळालेला प्रत्येक आठवडा बाळाच्या बाजूनेच असतो आणि आठव्या महिन्याचे बाळ सातव्या महिन्याच्या बाळापेक्षा सर्व बाबतींत अधिक तयार असते. एवढे मात्र आहे की 34 आठवड्यांना बाळाच्या मेंदूचे वजन पूर्ण दिवसांच्या बाळाच्या मेंदूच्या सुमारे दोन तृतीयांशच असते, म्हणजे पुष्कळ वाढ बाहेर आल्यावर व्हायची असते. नातीचे दुरुस्त वय साडेसात महिन्यांच्या आसपास आहे आणि त्या वयाला न रांगणे ही काळजीची गोष्ट नाही. ती आधार देऊन बसते का, या हातातली वस्तू त्या हातात घेते का, तुमच्या आवाजाकडे वळते का, हे पाहा. यातले काही होत नसेल, किंवा ती एकच हात वापरत असेल, तर मात्र थांबू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. तिसरीतील एक विद्यार्थिनी 31 आठवड्यांची जन्मलेली आहे. ती गोष्ट छान सांगते, वाचनही ठीक आहे, पण हातच्याची वजाबाकी काही केल्या जमत नाही आणि फळ्यावरचे उतरवून घेताना अर्धे राहते. पालकांनी मला जुनी फाइल दाखवली. दोन वर्षांची असताना केलेल्या चाचणीत सर्व काही नॉर्मल आहे. त्यामुळे ती आळशी आहे असे त्यांचे ठाम मत झाले आहे आणि तिला मार बसतो. मी त्यांना काय सांगू?
— एक शिक्षक, पाचोरा तालुका

उत्तर : गुरुजी, पहिल्या उत्तरात मी कमी आकड्याला घाबरू नका असे म्हटले, तुमच्या पत्रात त्याची दुसरी बाजू आहे. चांगला आकडा मिळाला म्हणून फाइल बंद करायची नसते. दोन वर्षांची चाचणी नॉर्मल आली याचा अर्थ दोन वर्षांच्या मुलीने जे करायला हवे ते ती करत होती, एवढाच आहे. हातच्याची वजाबाकी तिला तेव्हा कुणी विचारलेली नव्हती आणि विचारता येणारही नव्हती.

बावन्नातून सत्तावीस वजा करताना मुलाच्या डोक्यात काय काय चालते, ते एकदा सावकाश पाहा. दोनातून सात जात नाहीत हे ओळखायचे, शेजारच्या पाचाकडून एक दशक घ्यायचा, पाचाचे चार झाले हे मनात धरून ठेवायचे, बारातून सात वजा करून पाच लिहायचे, आणि मग मघाशी मनात धरलेल्या चाराकडे परत यायचे. मधेच कुणी खोकले तर तो चार निसटतो. फळ्यावरचे वाक्य वहीत आणतानाही असेच असते, नजर वर जाते, तीन शब्द उचलते, वहीवर येईपर्यंत एक गळतो. काही क्षण मनात माहिती धरून तिच्यावर काम करणे, लक्ष टिकवणे, नजर आणि हात जुळवणे या क्षमता कमी दिवसांच्या मुलांत पुष्कळदा दुबळ्या राहतात, आणि त्या शाळेचे ओझे वाढले की, म्हणजे तिसरी-चौथीच्या सुमारास, उघड्या पडतात. हे आळसाने होत नाही, आणि माराने तर मनात धरलेला चार आणखी लवकर निसटतो.

याला आपल्या महाराष्ट्रातलाच भक्कम आधार आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. सुधा चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1987 ते 1989 या काळात जन्मलेल्या, 2000 ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळांचा अठराव्या वर्षापर्यंत पाठपुरावा केला. बाराव्या वर्षी या मुलांचा सरासरी बुद्ध्यांक सामान्य मर्यादेतच होता, पण बरोबरीच्या मुलांपेक्षा कमी होता, आणि लेखन व गणित या दोन ठिकाणी अडचणी दिसल्या. तुमच्या वर्गातल्या मुलीचे वर्णन वाचताना मला तोच अभ्यास आठवला.

पालकांना शाळेत बोलवा आणि बावन्न वजा सत्तावीस त्यांच्यासमोर तोंडाने सोडवून दाखवा, म्हणजे त्यांना मुलीची अडचण कुठे आहे ते दिसेल. त्यांना डोळ्यांची तपासणी करून घ्यायला सांगा, कारण या मुलांत चष्म्याचा नंबर आणि तिरळेपणा अधिक आढळतो आणि फळा न दिसणे हे कारणही असू शकते. वर्गात तिला पुढच्या बाकावर बसवा, मोठ्या चौकटींची वही द्या, एका वेळी एकच सूचना द्या, उतरवून घ्यायचा मजकूर कमी करा आणि चाचणीला थोडा वेळ जास्त द्या. दशकाच्या काड्यांचे गठ्ठे हातात देऊन वजाबाकी करू द्या, म्हणजे जे मनात धरायचे ते बाकावर राहील. त्यानंतर बुद्धिमापन करून घ्या. त्यासाठी कामत यांनी मराठी आणि कानडी मुलांसाठी बसवलेली बिने-कामत चाचणी किंवा मालिन यांची भारतीय मुलांसाठीची चाचणी वापरतात. अध्ययन अक्षमता निघाली तर 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे आणि पुढे परीक्षेत सवलती मिळतात. बाळपणी दिलेल्या उपचारांचा बुद्धीला झालेला फायदा शाळापूर्व वयापर्यंत स्पष्ट दिसतो, शाळेच्या वयात तितका टिकलेला दिसत नाही, असे अभ्यास सांगतात. म्हणून या वयातली मदत ही पुन्हा नव्याने द्यायची मदत आहे, आणि ती तुमच्या हातात आहे.

प्रश्न : मॅडम, मी आशा आहे. आमच्या पाड्यावर 32 आठवड्यांचे, 1500 ग्रॅमचे बाळ दवाखान्यातून घरी आले आहे. आज ते 20 दिवसांचे आहे. घरचे लोक ऊसतोडीला गुजरातमध्ये निघाले आहेत, होळीला परततील. ते म्हणतात, विकासाची चाचणी तर वर्षाने असते, आता कशाला थांबायचे? मी त्यांना कसे थांबवू?
— एक आशा स्वयंसेविका, तळोदा तालुका

उत्तर : ताई, विकासाची चाचणी थांबू शकते, डोळ्यांची तपासणी थांबू शकत नाही. 2000 ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या किंवा 34 आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा जन्मापासून 30 दिवसांच्या आत तपासलाच पाहिजे. या बाळांच्या पडद्यावर वेड्यावाकड्या रक्तवाहिन्या वाढू शकतात. वेळेत दिसले तर उपचार आहे, उशीर झाला तर दृष्टी कायमची जाते, आणि बाहेरून डोळा अगदी स्वच्छ दिसतो, त्यामुळे घरच्यांना काहीच कळत नाही. तुमच्या हातात दहा दिवस आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला आजच फोन करा. 2013 पासून चालू असलेल्या या कार्यक्रमात जन्मतः असलेले दोष, आजार, कमतरता आणि विकासातील विलंब यांची तपासणी अठरा वर्षांपर्यंत विनामूल्य होते आणि पुढच्या उपचारांसाठी जिल्हा पातळीवर केंद्राची तरतूद आहे. पहिल्याच तपासणीत डॉक्टर "परत या" असे म्हणाले तर ती तारीख मुकादमाच्या उचलीपेक्षा महत्त्वाची आहे, हे घरच्या कर्त्या पुरुषाला समोर बसवून सांगा. आई आणि बाळ मागे राहून बाकीचे पुढे गेले तरी चालेल. त्याच खेपेत कानांचीही तपासणी उरकून घ्या.

निघताना बाळ उघड्या छातीशी धरून वर लुगडे गुंडाळायचे आणि फक्त अंगावरचेच दूध द्यायचे, हे आईला पुन्हा एकदा करून दाखवा. डॉक्टरांनी लोहाचे थेंब दिले असतील तर ते तिकडेही चालू राहू द्या. दवाखान्याचा डिस्चार्ज कागद आणि माता-बाल संरक्षण कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आईच्याच हातात द्या, सामानाच्या बोचक्यात नको. कार्डाच्या पहिल्या पानावर जन्मतारखेच्या शेजारी प्रसूतीची अपेक्षित तारीख शाईने मोठ्या अक्षरांत लिहा, म्हणजे उसाच्या फडाजवळच्या दवाखान्यात किंवा होळीनंतर इकडे जी कुणी हे बाळ तपासेल, ती त्याचे वय त्या तारखेपासून मोजेल.